मोठ्या जातीचे पिल्लू घेण्यापूर्वी त्याची आई पाहा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी, मिस्सा संपल्यावर, आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. त्यांचे घर गावाबाहेर मळ्यात आहे. उसात रानडुकरे शिरतात, रात्री पंपाची केबल कापून नेली जाते, म्हणून राखणीला एखादे अल्सेशियनचे पिल्लू आणावे असे त्यांनी ठरवले होते. कोणा ओळखीच्याने फोन नंबर दिला. विकणाऱ्या माणसाने पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून बसस्टँडवर आणून दिले आणि १८ हजार रुपये मोजून घेतले. "दोन महिन्यांचं आहे, सगळी इंजेक्शनं झालीत," असे तो म्हणाला. कार्ड मागितले तेव्हा "मागाहून पाठवतो" असे उत्तर मिळाले.

पाचव्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले. सहाव्या दिवशी उलट्या आणि रक्ताची, घाण वासाची हगवण सुरू झाली. तालुक्याच्या पशुवैद्यांनी सलाईन लावले, पण आठव्या दिवशी ते दगावले. डॉक्टरांनी दात पाहून सांगितले की, पिल्लू फार तर पाच आठवड्यांचे असेल, आणि रोग पार्व्होचा. विकणाऱ्याचा फोन त्यानंतर लागला नाही. इतक्यावरच भागले नाही. खेळता खेळता पिल्लाचे दात मुलाच्या हाताला लागून रक्त आले होते. पिल्लू कोठले, त्याच्या आईला लस होती की नाही, कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा सरकारी दवाखान्यात मुलाला रेबीजची पाच इंजेक्शने घ्यावी लागली.

मुलाने आम्हाला एवढेच विचारले, "फादर, माझं काय चुकलं?"

त्याचे काहीच चुकले नव्हते. जी चूक झाली ती मोठ्या माणसांकडून, आणि तीही पिल्लू घरी येण्यापूर्वीच झाली. अशी चूक आमच्या हातूनही घडली आहे. काही वर्षांपूर्वी एका हितचिंतकाने आम्हाला लॅब्रॅडॉरचे गुबगुबीत पिल्लू भेट दिले. आम्ही त्याचे आईबाप पाहिले नाहीत, वर त्याला दोन्ही वेळ पोटभर दूधभात आणि कॅल्शियमचे औषध प्रेमाने पाजले. दहाव्या महिन्यात ते मागचे पाय फेंगडे टाकू लागले आणि तीन वर्षांचे होईतो त्याला पायरी चढवेना. म्हणून हा लेख. आम्ही पशुवैद्य नव्हे. पण या विषयातल्या जाणत्यांना विचारून आणि स्वतः ठेच खाऊन जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी घराचा विचार

मोठ्या जातीचा कुत्रा म्हणजे केवळ मोठ्या आकाराचा कुत्रा नव्हे. त्याचे अन्न मोठे, औषधाची मात्रा मोठी, आणि म्हणून खर्चही मोठा. वाढलेला अल्सेशियन नर ३० ते ४० किलोचा भरतो, रॉटवायलर त्याहून जड, आणि ग्रेट डेन तर साठ किलोच्याही पुढे जातो. त्याचे आयुष्य मात्र लहान कुत्र्याहून कमी. लॅब्रॅडॉर किंवा अल्सेशियन दहा ते तेरा वर्षे जगतो, ग्रेट डेन बहुधा आठ ते दहा वर्षे. म्हणजे आज चौथीत असलेला मुलगा कॉलेजात जाईपर्यंत हा जीव आपल्या दारात राहणार आहे. पोरगे शिकायला परगावी गेले की त्याला फिरवणार कोण, हे आजच ठरवावे.

दुसरी गोष्ट हवेची. सेंट बर्नार्ड हा कुत्रा आल्प्स पर्वतात सुमारे २,४७० मीटर उंचीवरच्या खिंडीत, संन्याशांच्या धर्मशाळेत बर्फात वाट चुकलेल्या प्रवाशांसाठी पोसला गेला. सायबेरियन हस्कीचे घर त्याच्या नावातच आहे. असे जाड लोकरीचे कुत्रे गोव्याच्या दमट उकाड्यात किंवा हैदराबाद, ग्वाल्हेरच्या मे महिन्यात आणून पत्र्याच्या शेडखाली बांधणे ही हौस नव्हे, क्रूरता आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. ज्याच्या अंगावर दुहेरी केसांची गोधडी आहे त्याला उष्माघात लवकर होतो.

वाढीचे कोडे

माणसाचे मूल वर्षाच्या अखेरीस जन्माच्या वजनाच्या सुमारे तिप्पट होते. अल्सेशियनचे पिल्लू जन्मतः अर्ध्या किलोच्या आसपास असते आणि वर्षभरात तीस किलोच्या घरात जाते, म्हणजे साठपट! इतक्या झपाट्याने हाडे वाढतात तेव्हा सांध्यात थोडीशी जरी उणीव असली, तरी ती उघडी पडते.

सर्वांत जास्त आढळतो तो खुब्याच्या सांध्याचा दोष. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील वाटीत घट्ट बसले पाहिजे. काही पिल्लांत वाटी उथळ राहते, सांधा सैल राहतो, डोके वाटीत हलत राहते, कूर्चा झिजते आणि पुढे संधिवात जडतो. जन्मतः हे काही दिसत नाही. दोन महिन्यांचे पिल्लू अगदी सशासारखे उड्या मारते. लंगडणे दिसू लागते ते पाच-सहा महिन्यांनंतर, कधी कधी त्याहूनही उशिरा. पुढच्या पायांच्या कोपराचाही असाच दोष असतो.

हा दोष रक्तातून येतो, पण एकाच गुणसूत्राच्या खेळाने नव्हे. अनेक आनुवंशिक गोष्टी आणि त्यांच्या जोडीला खाणेपिणे, वजन, घसरडी जमीन मिळून तो घडवतात. म्हणून नुसते डोळ्यांनी पाहून आईबापांची पारख होत नाही. त्यांची वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे एक ते दोन वर्षांचे झाल्यावर, गुंगी देऊन खुब्यांचा एक्स-रे काढतात आणि जाणकार त्याला प्रत देतात. युरोपीय पद्धतीत 'ए' ही सर्वांत चांगली आणि 'ई' ही सर्वांत वाईट. दोन्ही आईबापांचे खुबे चांगले असले तरी एखादे पिल्लू सदोष निघू शकते, हे खरे. पण शक्यता पुष्कळ कमी होते. शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. वळू निवडताना आपण हेच करतो. खाण तशी माती.

आणखी दोन दोषांची चौकशी करावी. डॉबरमन आणि ग्रेट डेन यांच्यात हृदयाचा स्नायू पातळ होऊन ते फुगण्याचा रोग घराण्यातून येतो. आणि खोल छातीच्या सर्वच मोठ्या कुत्र्यांना, विशेषतः ग्रेट डेनला, पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. ज्याच्या आईबापाला किंवा सख्ख्या भावंडाला हे झाले, त्याला धोका अधिक.

चांगला पैदासकार कसा ओळखावा

जो माणूस पिल्लू विकण्याची घाई करतो त्याच्याकडून ते घेऊ नये, हा पहिला नियम. चांगला पैदासकार आपल्याला उलट प्रश्न विचारतो: घराला कुंपण आहे का, दिवसभर कोण असते, कुत्रा साखळीला बांधून ठेवणार का, पूर्वी कुत्रा पाळला होता का, त्याचे काय झाले? अशा प्रश्नांचा राग मानू नये. मुलीच्या बापाने स्थळाची चौकशी करावी तशी ती असते.

तो एक किंवा दोनच जातींची कुत्री ठेवतो. ज्याच्याकडे दहा जातींची पिल्ले बारमाही "तयार" असतात, तो एक तर दलाल असतो, नाही तर कुत्र्यांचा कारखाना चालवणारा. चांगल्या माणसाकडे बहुधा थांबावे लागते. थोडा विसार घेऊन तो आपले नाव यादीत घालील आणि पुढचे वेत होईपर्यंत थांबायला सांगेल. थांबावे.

तो आपल्याला घरी बोलावतो. बसस्टँड, पेट्रोल पंप, रस्त्याचा कोपरा येथे व्यवहार करू नये. फोनवर आलेल्या चित्रावर पैसे पाठवू नयेत. ते चित्र कोणत्या पिल्लाचे आहे हे देवच जाणे. जागेवर जाऊन पिल्ले आईजवळ पाहावीत. आई हाडकुळी, भेदरलेली, खरजेने भरलेली असेल, किंवा परक्या माणसावर विनाकारण धावून येत असेल, तर पिल्ले कितीही गोजिरवाणी असोत, परत फिरावे. बाळंतीण कुत्री थोडी सावध असणारच, तिचे केस गळलेले असणार. ते समजून घ्यावे. पण मालकाने हाक मारताच ती शेपूट हालवीत आली पाहिजे. "आई गावाला पाठवली आहे" असे कोणी म्हणाला तर समजावे की, पिल्लू त्याच्या घरचे नाही. बाप मात्र पुष्कळदा दुसऱ्या मालकाचा असतो. त्याचे कागद आणि पत्ता मागावा.

कायद्याचाही आधार आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ साली श्वान पैदास व विक्रीचे नियम केले. त्यांप्रमाणे पैदासकाराने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. कुत्री दीड वर्षाची होण्यापूर्वी तिला जोडावयाचे नाही, वर्षातून एकाहून अधिक वेत घ्यावयाचे नाही आणि जन्मात पाचांहून अधिक वेते घ्यावयाची नाहीत. तेव्हा नोंदणीचा दाखला दाखवा असे म्हणण्यात संकोच नको, आणि आईचे वय व हे कितवे वेत हेही विचारावे.

आठ आठवड्यांचा आग्रह कशासाठी? पिल्लू पाच आठवड्यांचे असताना आईपासून तोडले तर ते अशक्त राहते, हे एक. पण दुसरेही कारण आहे. भावंडांशी खेळताना एकाने जोरात चावा घेतला की दुसरे किंचाळते आणि खेळ थांबतो. यातून दाताला आवर घालायला पिल्लू शिकते. ही शाळा बुडालेले पिल्लू पुढे चाळीस किलोचे होते तेव्हा त्याचा खेळही घरच्यांना महाग पडतो.

कागद कोणते मागावेत

केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला, ज्याला लोक 'केसीआय पेपर' म्हणतात, तो वंशावळीचा दाखला आहे, प्रकृतीचा नव्हे. आईबापांची नावे आणि जात यापलीकडे तो काही सांगत नाही. "पेपरवालं पिल्लू आहे" म्हणून दुप्पट किंमत मागतात. पण त्या कागदाने खुबे मजबूत होत नाहीत. कागद अवश्य घ्यावा, त्यावर भिस्त ठेवू नये. कानामागे नव्हे तर खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवलेली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप असेल, तर तिचा पंधरा आकडी नंबर कागदावरच्या नंबराशी पशुवैद्याच्या यंत्राने ताडून पाहता येतो.

त्याहून मोलाचे म्हणजे लसीचे कार्ड. त्यावर लसीच्या बाटलीचे चिकटवलेले लेबल, तारीख, पशुवैद्याची सही आणि शिक्का असावा. नुसत्या बॉलपेनच्या खुणा म्हणजे लस नव्हे. जंतांचे औषध कोणत्या तारखांना दिले हेही लिहिलेले हवे; ते दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याने द्यावे लागते.

वाचकांनी पुढील दहा प्रश्न कागदावर लिहून बरोबर न्यावेत:

१. आई कोठे आहे? आत्ता पाहता येईल का?
२. आईचे वय किती, आणि हे कितवे वेत?
३. बाप कोणाचा? त्याच्या मालकाशी बोलता येईल का?
४. दोघांच्या खुब्यांचे व कोपरांचे एक्स-रे काढले आहेत का? अहवाल दाखवा.
५. या घराण्यात हृदयविकार, पोटाला पीळ, फिट्स हे झाले आहे का?
६. आधीच्या वेतांतील पिल्ले कोणाकडे आहेत?
७. पिल्लांची जन्मतारीख कोणती?
८. कोणती लस कोणत्या दिवशी दिली? जंताचे औषध केव्हा?
९. आता काय खातात, किती वेळा?
१०. दोन-तीन दिवसांत पशुवैद्याने दोष दाखवला तर पिल्लू परत घ्याल का? तसे लिहून द्याल का?

सर्वच उत्तरे मनासारखी मिळतील असे नाही. आपल्या भागात एक्स-रे काढणारे पैदासकार थोडे आहेत. पण प्रश्न ऐकून जो चिडतो तो माणूस कोणता, आणि "एक्स-रे नाही काढले, पण बाप सात वर्षांचा आहे, या, पळताना पाहा" म्हणणारा कोणता, हे चटकन कळते. गिऱ्हाइके विचारू लागली की विकणारेही सुधारतात.

पिल्लू हातात घेऊन पाहावे

पिल्लांची झोप आणि जेवण झाल्यावर, ती खेळत असताना जावे. आधी लांबून बघावे. कोपऱ्यात थरथरत बसलेल्याची दया येते, आणि सर्वांना ढकलून अंगावर येणारे धीट वाटते; पण घरासाठी मधले बरे. पायाशी येऊन हुंगणारे, टाळी वाजवली की कान टवकारणारे, किल्ल्या पडल्या तर दचकून पुन्हा पाहायला येणारे पिल्लू निवडावे.

मग उचलून घ्यावे. डोळे स्वच्छ, चिपडे नाहीत. नाक वाहत नाही, खोकला नाही. हिरड्या गुलाबी, पांढुरक्या असतील तर जंत किंवा गोचिडांमुळे रक्त कमी झालेले असते. कानात काळा मळ व वास नसावा. केसांत बोटे फिरवून पिसवा, गोचीड, खरूज पाहावी. अंग हाडकुळे आणि पोट नगाऱ्यासारखे असेल तर ते जंतांचे लक्षण. बेंबीशी मऊ गोळा लागला तर हर्निया असू शकतो. पशुवैद्याला दाखवल्याशिवाय घेऊ नये. शेपटीखाली हगवणीचे डाग नसावेत. नर असेल तर दोन्ही अंडे खाली उतरलेले आहेत का ते पाहावे. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे सर्व दात आलेले असतात. वयाची थाप येथेच उघडी पडते. आणि एक पिल्लू आजारी असेल तर त्या वेतातील "चांगले" पिल्लूही उचलू नये.

लसीचे गणित

"एकदा इंजेक्शन दिलं होतं, तरी कसं मेलं?" असे पुष्कळ लोक विचारतात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पिल्लाला आईच्या पहिल्या चिकातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ती काही आठवडे त्याचे रक्षण करतात, पण तीच द्रव्ये लसीलाही निकामी करतात. ती कोणाच्या अंगातून आठव्या आठवड्यात संपतात, कोणाच्या सोळाव्या. नेमके केव्हा, हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस देत राहावयाची आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे झाल्यावर द्यावयाची. मधली एखादी मात्रा लागू पडली नाही तरी शेवटची पडते. नंतर वर्षाने पुन्हा. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर व पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे.

पार्व्होचा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. तो हगवणीतून पडतो आणि मातीत वर्षभरही टिकतो. फिनेलने तो मरत नाही. फरशीवर आधी घाण धुऊन काढावी, मग एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे राहू द्यावे. अंगणाच्या मातीला मात्र हा उपाय चालत नाही. ज्या घरी असा मृत्यू झाला, तेथे लसीच्या मात्रा पूर्ण न झालेले पिल्लू वर्षभर तरी आणू नये. आमच्या त्या मळ्यातल्या गृहस्थांना हेच सांगावे लागले.

लस पूर्ण होईतो पिल्लाला बाजारात, भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर जमिनीवर सोडू नये. पण घरात कोंडूनही ठेवू नये. तीन ते चौदा आठवडे हे त्याच्या स्वभावाच्या घडणीचे दिवस. कडेवर घेऊन माणसे, मुले, गुरे, मोटारी, चर्चची घंटा, फटाके या सर्वांची ओळख करून द्यावी. या वयात जग न पाहिलेला मोठा कुत्रा पुढे भित्रा होतो, आणि भीतीने चावतो.

खाणे: प्रेमाचा अतिरेक नको

आम्ही केलेली चूक बहुतेक घरांत होते. पिल्लू लवकर थोराड व्हावे म्हणून त्याला कॅल्शियम पाजतात. सहा महिन्यांच्या आतील पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही; जितके द्याल तितके बरेचसे शोषले जाते आणि हाडे व कूर्चा वेड्यावाकड्या वाढतात. उलट केवळ मांस-भात किंवा केवळ भाकरी-दूध दिले तर खनिजांचा तोल बिघडून पाय वाकतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी म्हणून तयार मिळणारे अन्न परवडत असेल तर ते द्यावे आणि वर कॅल्शियम देऊ नये. घरचे द्यावयाचे तर अंडी, मांस, भात, भाजी यांचे प्रमाण आणि खनिजांची मात्रा पशुवैद्याकडून लिहून घ्यावी. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट ही कुत्र्याला विषारी आहेत. शिजवलेल्या कोंबडीची हाडे चिरफळ्या होऊन आतडे फाडतात.

दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात; हे माप जन्मभर ठेवावे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांची जोड्या लावून जन्मभर नोंद ठेवली गेली. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, कमी खाणारे सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांना सांध्यांचे दुखणेही उशिरा जडले. गुबगुबीत पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू नव्हे.

तीन महिन्यांपर्यंत जिने चढू-उतरू देऊ नयेत. गुळगुळीत फरशीवर तरट किंवा सतरंजी टाकावी. मऊ मातीवर, गवतावर आपल्या मर्जीने हुंदडू द्यावे. सायकलला बांधून पळवू नये.

एक धोक्याची खूण सर्वांनी पाठ करावी. मोठा कुत्रा जेवणानंतर अस्वस्थ फिरतो, ओकारी काढतो पण काही पडत नाही, आणि पोट ढोलासारखे ताणते, तर ओवा-सोडा देत बसू नये. जठराला पीळ पडलेला असू शकतो. तासाभरात पशुवैद्याकडे पोचले तर शस्त्रक्रियेने जीव वाचतो. सकाळपर्यंत थांबले तर बहुधा वाचत नाही.

मुलांना जपावे

पिल्लू लहान असले तरी रेबीज देऊ शकते, हे विसरू नये. दात लागून रक्त आले, ओरखडा उठला किंवा जखमेवर चाटले, तर लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे. हळद, चुना, मिरची भरू नये. मग त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लस स्नायूत देतात तेव्हा ती सुरुवातीच्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. एकही चुकवू नये. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय जवळजवळ नाहीच. कुत्र्याचे जंतही मुलांच्या पोटात जातात. तेव्हा पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुऊन मगच जेवायला बसावे.

आपल्या भागातलीच एक जात

आमच्या जिल्ह्याला लागूनच बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. तेथील उंच, सडपातळ शिकारी कुत्रा मुधोळ किंवा कारवान या नावाने ओळखला जातो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. २००५ साली तिचे टपाल तिकीट निघाले, आणि २०१६ साली लष्कराने मेरठच्या केंद्रात शिक्षणासाठी मुधोळची पिल्ले नेली. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे; तेथे या जातीची चौकशी करता येते. केस आखूड, ऊन सोसणारा, खाणे बेताचे. पण त्याला रोज मोकळे धावायला रान हवे, आणि पळती शेळी किंवा कोंबडी दिसली की त्याचे पाय राहत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. केवळ भुंकून जागे करणारा राखणदार हवा असेल तर दारचे गावठी पिल्लू, लसी पूर्ण करून, त्या कामाला पुरेसे आहे. त्याला १८ हजार लागत नाहीत.

असो. त्या मळ्यातल्या घरी अजून नवे पिल्लू आलेले नाही. वर्ष होईतो थांबायचे ठरले आहे. मध्यंतरी आम्ही आशीर्वादाला गेलो, तेव्हा मुलाने आपली वही आणून दाखवली. वर दिलेले दहा प्रश्न त्याने सुवाच्य अक्षरात उतरून घेतले आहेत. वडिलांआधी आपणच ते विचारणार, असे त्याचे म्हणणे आहे. आणि पहिल्या प्रश्नाखाली, आई कोठे आहे या शब्दांखाली, त्याने लाल पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आहेत.